भूल, वेदना आणि मेंदूची साक्ष

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याने राजगृहातील एका श्रेष्ठीच्या मस्तकावर केलेल्या शस्त्रक्रियेची हकिकत आली आहे. हा श्रेष्ठी सात वर्षे मस्तकाच्या व्याधीने पीडित होता. जीवकाने त्याला मंचकावर निजविले, मंचकाला बांधले, मस्तकाची त्वचा चिरली, कवटीची शिवण उघडून आतील दोन किडे बाहेर काढले आणि मग त्वचा शिवून वर लेप लावला. या कथेतील वैद्यकीय तपशील कितपत ऐतिहासिक मानावयाचा, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. 'मंचकाला बांधले' हे शब्द मात्र सहज पटणारे आहेत. कारण त्यानंतरही दोन हजारांहून अधिक वर्षे शल्यविशारदांना रोग्याला बांधून किंवा चार माणसांकडून धरवूनच शस्त्र चालवावे लागत असे.

आज वेदनेच्या भयाने रोग्याला बांधावे लागत नाही. भूल दिलेला रोगी टेबलावर निश्चल पडून असतो. त्याचे पोट उघडले जाते, हाड कापले जाते, तरी तो हूं की चूं करीत नाही. बाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना धीर देतात की, त्याला आता काही कळत नाही. पण त्याला काही कळत नाही हे आपणास कशावरून कळते? त्याच्या निश्चलतेवरून? नाडीवरून? की मेंदूवर लावलेल्या यंत्राच्या आकड्यावरून? वेदना ही ज्याची त्याला जाणवणारी गोष्ट असल्यामुळे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत भूलशास्त्राने त्याचे उत्तर कसे शोधले आणि ते कोठवर सापडले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच्या दोन घटना

जानेवारी १८४५ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवून दात काढण्याचे प्रात्यक्षिक केले. दात उपटताना रोगी ओरडला आणि जमलेल्या मंडळींनी वेल्सची हुर्यो उडविली. पुढे त्याच रोग्याने सांगितले की, वेदना झाली खरी, परंतु अशा वेळी होते तितकी ती नव्हती. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने एका तरुणाला ईथर हुंगविले आणि जॉन कॉलिन्स वॉरन या शल्यविशारदांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. चीर देताना हा रोगी ओरडला नाही. हा दिवस आधुनिक भूलशास्त्राचा आरंभदिन मानला जातो. परंतु शुद्धीवर आल्यावर या रोग्याने जे सांगितले ते फारसे कोणी लक्षात घेतले नाही. शस्त्रक्रिया चालू आहे हे त्याला कळत होते. वेदना मात्र जाणवली नव्हती, कातडी खरवडल्यासारखे काहीसे वाटले होते.

जो ओरडला त्याला वेदना कमी होती, आणि जो ओरडला नाही त्याला जाणीव होती! शरीराची प्रतिक्रिया, मनाची जाणीव आणि मागाहून राहणारी स्मृती या तीन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन घटनांनी प्रारंभीच दाखवून दिले होते. तथापि त्या तिन्ही एकच आहेत असे समजून पुढील शंभर वर्षे व्यवहार चालला.

त्या काळात रोगी किती खोल भुलीत आहे हे त्याच्या शरीरावरूनच ठरविले जाई. जॉन स्नो या इंग्रज वैद्याने १८४७ मध्ये ईथरच्या भुलीचे पाच टप्पे वर्णिले. पहिल्या महायुद्धात काम केलेल्या आर्थर ग्वेडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९२० मध्ये श्वासाची लय, बुबुळांची हालचाल, बाहुलीचा आकार आणि स्नायूंचा ताण यांवरून भुलीचे टप्पे ओळखण्याची पद्धती मांडली. एकच औषध हुंगवावयाचे आणि रोगी स्वतःच श्वास घेत आहे, अशा स्थितीत ही पद्धती बरीच उपयोगी पडली. रोगी हलला की औषध वाढवावयाचे, श्वास मंदावला की कमी करावयाचे. रोग्याचे शरीर एक प्रकारे स्वतःची साक्ष स्वतः देत होते.

साक्ष बंद झाली

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी बाणांच्या टोकांना क्युरारी नावाचे विष लावीत. या विषाने चेतातंतूंकडून स्नायूंना मिळणारा आदेश तुटतो, सर्व शरीर लुळे पडते आणि श्वासाचे स्नायूही थांबतात. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी शुद्ध केलेली क्युरारी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी प्रथम वापरली. त्यामुळे शस्त्रक्रियेत क्रांतीच झाली. पूर्वी पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून ईथर इतके द्यावे लागे की वृद्ध व अशक्त रोग्यांच्या जिवावर बेतत असे. आता थोड्या भुलीवर काम भागू लागले. श्वास चालू ठेवण्याचे काम आधी भूलतज्ज्ञाच्या हाताने व पुढे यंत्राने होऊ लागले.

परंतु क्युरारीने रोग्याला नुसते लुळे केले की बेशुद्धही केले? तिच्यात भुलीचाही काही गुण असावा, असे त्या वेळी काहींना वाटत होते. याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेतील युटा येथील भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून घेतला. कोणतीही भूल न घेता त्यांनी क्युरारीची इतकी मात्रा टोचून घेतली की एक बोटही हलेना. सहकारी त्यांचा श्वास चालवीत होते. औषध उतरल्यावर त्यांनी त्या अवधीत काय काय घडले ते सांगितले. ऐकणे, पाहणे, विचार करणे, आठवणे आणि वेदना जाणवणे, यांत तिळमात्र फरक पडला नव्हता. १९४७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि क्युरारी ही भूल नव्हे हे निर्विवाद ठरले.

आधुनिक भूल ही तीन वेगवेगळ्या परिणामांची बेरीज असते. जाणीव घालविणारे औषध, आघाताची प्रतिक्रिया दडपणारे (बहुधा अफूवर्गीय) औषध आणि स्नायू सैल करणारे औषध अशी ही त्रयी आहे. यांपैकी पहिले व दुसरे कमी पडले आणि तिसरे मात्र पुरेपूर पोहोचले, तर रोगी जागा असून त्याला ते सांगता येणार नाही. ग्वेडेलची श्वासाची व स्नायूंची चिन्हे तर आता नाहीशीच झालेली असतात. ज्या औषधाने शस्त्रक्रिया सुरक्षित केली, त्यानेच रोग्याच्या साक्षीचे तोंड बंद केले.

आघात आणि वेदना

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. त्वचेत, स्नायूंत व आतड्यांत इजा ओळखणारी सूक्ष्म चेताटोके असतात. सुरीचा स्पर्श होताच त्यांच्यातून विद्युत्-संदेश निघतो, मज्जारज्जूत पोहोचतो, तेथून मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडे व थॅलॅमसकडे आणि पुढे मेंदूच्या बाह्य आवरणाकडे जातो. वाटेत मज्जारज्जू स्वतःच हातपाय मागे ओढण्याची आज्ञा देऊ शकतो. मेंदूचा तळभाग नाडी व रक्तदाब वाढवू शकतो. या सर्व क्रिया जाणिवेवाचून होतात. संदेशाच्या या वहनाला 'आघातबोध' म्हणता येईल. 'वेदना' हा शब्द मात्र तो संदेश कोणास तरी जाणवला, असे गृहीत धरतो.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा भेद अपरिचित वाटू नये. मराठीत वेदना म्हणजे दुःखद संवेदना. पालीत मात्र 'वेदना' या संज्ञेत सुखद, दुःखद आणि सुखही नव्हे व दुःखही नव्हे अशा तिन्ही अनुभूतींचा समावेश होतो. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात इंद्रिय, विषय आणि विज्ञान या तिहींच्या संगतीस 'फस्स' म्हटले आहे आणि फस्सामुळे वेदना उद्भवते असे सांगितले आहे. म्हणजे केवळ काया आणि सुरी एकत्र आल्याने वेदना सिद्ध होत नाही. तिसरा घटकही तेथे उपस्थित असावा लागतो. यावरून प्राचीनांना आधुनिक शरीरशास्त्र ठाऊक होते असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्नाची फोड त्यांनी योग्य ठिकाणी केली होती, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

या भेदाला प्रयोगाचा आधार मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. १९६० च्या दशकात एगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुंगावयाच्या भूलऔषधांची ताकद मोजण्यासाठी एक माप ठरविले होते. त्वचेला चीर दिल्यावर निम्मे रोगी हलणार नाहीत, अशी फुप्फुसातील औषधाची किमान मात्रा म्हणजे ते माप. ते आजही जगभर वापरले जाते. न हलणे हे मेंदू झोपल्याचे लक्षण, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. १९९३ मध्ये अँटोग्निनी व श्वार्ट्झ यांनी बकऱ्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा उर्वरित शरीरापासून वेगळा केला आणि आयसोफ्लुरेन हे औषध केवळ मेंदूलाच दिले. तेव्हा हालचाल थांबविण्यासाठी नेहमीच्या सुमारे १.२ टक्क्यांऐवजी २.९ टक्के औषध लागले. त्याच वर्षी रॅम्पिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूचा पुढील भाग काढून टाकल्यावरही हे माप बदलत नाही, असे दाखविले. चीर देताना शरीर हलणे वा न हलणे हे मुख्यतः मज्जारज्जूवर अवलंबून असते, हे यातून सिद्ध झाले.

याचा व्यावहारिक अर्थ दुहेरी आहे. माणसाची जाणीव सामान्यतः या मापाच्या सुमारे एक-तृतीयांश मात्रेलाच हरपते. म्हणून शस्त्रक्रियेत रोग्याचा हात हलला म्हणजे तो जागा झालाच, असे नव्हे. उलट स्नायू लुळे केलेला रोगी मुळीच हलला नाही, म्हणून तो निद्रिस्तच आहे, असेही नव्हे. नाडी आणि रक्तदाब यांचीही तीच गत. ते आघाताने वाढतात, रक्तस्रावाने उतरतात आणि हृदयविकारावरील गोळ्यांनी दबून राहतात.

मेंदूचा आलेख

मग मेंदूलाच का विचारू नये? जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युतालेख प्रथम नोंदविला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९३७ मध्ये अमेरिकेतील गिब्ज पतिपत्नी व लेनॉक्स यांनी भूलऔषधांनी या आलेखात होणारे बदल वर्णिले आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल असे सुचविले.

कपाळावर चिकटविलेल्या पट्टीतून मिळणारा हा आलेख साधारणपणे असा बदलतो. जाग्या माणसाच्या आलेखात लहान व जलद लहरी असतात. डोळे मिटून स्वस्थ बसल्यास डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. प्रोपोफॉल किंवा आयसोफ्लुरेन यांसारखी औषधे दिल्यावर अल्फा लहरी कपाळाकडील भागात प्रकट होतात आणि त्यांच्या जोडीला सेकंदाला चारांहून कमी आवर्तनांच्या मोठ्या, संथ लहरी उठू लागतात. मात्रा आणखी वाढली तर मध्येच उसळी आणि मध्येच शांतता असा खंडित आलेख येतो. त्याही पलीकडे तो सपाट रेषेत मिळतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेस इतकी खोल भूल आवश्यक नसते.

आघाताची प्रतिक्रियाही या आलेखात उमटते. अफूवर्गीय औषध अपुरे असताना चीर दिली तर कधी जलद लहरी वाढतात, कधी कपाळाकडील अल्फा लहरी एकाएकी ओसरतात, तर कधी अपेक्षेच्या उलट संथ लहरीच मोठ्या होतात. यांतील तिसरा प्रकार विशेष फसवा आहे. आघात पोहोचत असताना वरवर भूल अधिक गाढ झाल्यासारखे दिसते. म्हणूनच आलेख प्रत्यक्ष वाचणारा माणूस आणि त्याचा एक आकडा करून दाखविणारे यंत्र यांच्यात अंतर पडते.

असा आकडा दाखविणाऱ्या एका यंत्राला, 'बायस्पेक्ट्रल इंडेक्स' अथवा संक्षेपाने 'बीआयएस' या यंत्राला, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ते आलेखाचे गणित करून ० ते १०० यांमधील एक आकडा देते. १०० च्या आसपास जागृती, ४० ते ६० ही शस्त्रक्रियेस योग्य भूल आणि ० म्हणजे सपाट रेषा. या आकड्याने भूलतज्ज्ञांना एक नवे साधन मिळाले, यात शंका नाही.

आघाताचा संदेश मेंदूत कोठवर जातो, याचा शोधही चालू आहे. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये १६ निरोगी स्वयंसेवकांना हळूहळू वाढत्या मात्रेने प्रोपोफॉल दिले. मेंदूतील संथ लहरी वाढत वाढत एका मर्यादेला पोहोचतात आणि तेथे थांबतात. त्या टप्प्यावर ध्वनी व वेदनादायक उत्तेजन यांपासून थॅलॅमस व बाह्य आवरण यांची व्यवस्था जणू अलग पडते, असे त्यांना आढळले. ही मर्यादा व्यक्तिपरत्वे निराळी असते. २०१८ मध्ये बर्लिन येथील संशोधकांनी मात्र खोल भुलीतही मज्जारज्जू व मेंदू यांत आघाताची काही क्रिया टिकून राहते, असे दाखविले. क्रिया टिकून राहणे म्हणजे अनुभव टिकून राहणे नव्हे. पण 'मेंदूपर्यंत काहीच पोहोचत नाही' असे विधानही यापुढे सरसकट करता येत नाही.

आकड्याची मर्यादा

यंत्रावरील आकड्याने शस्त्रक्रियेतील अनपेक्षित जागृती टळते काय? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अधिक धोका असलेले २,४६३ रोगी होते. बीआयएस वापरलेल्या गटात जागृतीची २, तर नेहमीच्या देखरेखीखालील गटात ११ प्रकरणे आढळली. हा मोठाच फरक होता. परंतु २०११ च्या सहा हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणीत बीआयएसची तुलना वेगळ्या पद्धतीशी केली गेली. उच्छ्वासातील भूलवायूचे प्रमाण सतत मोजावयाचे आणि ते ठराविक पातळीखाली गेले की यंत्राने इशारा द्यावयाचा, अशी ती पद्धती होती. या चाचणीत बीआयएस गटात ७ आणि वायू मोजणाऱ्या गटात २ रोग्यांना निश्चित जागृती होती. निष्काळजी देखरेखीपेक्षा बीआयएस निश्चित बरा, पण दक्ष देखरेखीहून तो श्रेष्ठ ठरला नाही. शिरेतून भूल दिली जाते तेव्हा मात्र मोजण्यासारखा वायूच नसतो. तेथे मेंदूच्या आलेखाचे महत्त्व अर्थातच वाढते.

यंत्राची आणखी एक उणीव २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाने स्पष्ट केली. दहा स्वयंसेवकांना कोणतीही भूल न देता केवळ स्नायू लुळे करणारे औषध देण्यात आले. हे सर्व जण पूर्ण जागे होते. तरीही बीआयएसचा आकडा घसरला. काही वेळा तो ४४ पर्यंत, म्हणजे 'योग्य भूल' या पट्ट्यात उतरला. कपाळाच्या स्नायूंतील विद्युत्-क्रियेलाही हे यंत्र जागृतीचे चिन्ह मानते. ती क्रिया थांबली की यंत्राला माणूस निजल्यासारखा वाटतो. स्कॉट स्मिथ यांच्या प्रयोगानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी तोच धडा नव्या रूपात पुढे आला. क्युरारीने पूर्वी माणसाला फसविले होते, आता तिच्या वंशजांनी यंत्रालाही फसविले. केटामिनसारख्या औषधाने उलट घडते. रोगी बेशुद्ध असूनही आकडा वाढू शकतो.

मोकळा ठेवलेला हात

आजवरची सर्वांत सरळ साक्ष मिळाली ती अगदी साध्या उपायाने. १९७७ मध्ये टनस्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेद्वारा प्रसूती होणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात एक युक्ती वर्णिली. स्नायू लुळे करणारे औषध देण्यापूर्वी एका हाताला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून फुगवावयाचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. सर्व शरीर लुळे पडले तरी तो हात मोकळा राहतो. मग रोग्याच्या कानाशी म्हणावयाचे, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.'

२०१७ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २६० रोग्यांना श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ही सूचना देण्यात आली. १२ जणांनी, म्हणजे ४.६ टक्के रोग्यांनी, हात दाबला. वेदना होत असल्यास पुन्हा दाबा, असे सांगितल्यावर त्यांपैकी ५ जणांनी पुन्हा हात दाबला. शस्त्रक्रियेनंतर विचारले असता एकालाही यातील काही आठवत नव्हते. नळी घालणे हा शस्त्रक्रियेपूर्वीचा एक तीव्र आघात आहे, सबंध शस्त्रक्रियेची ही स्थिती नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे.

तथापि या पाच जणांनी एक नैतिक प्रश्न उभा केला आहे. जी वेदना मागाहून आठवत नाही ती झालीच नाही, असे म्हणावयाचे काय? ज्या क्षणी हात दाबला गेला त्या क्षणी ती होती. उद्या ती विसरली गेली म्हणून आजची ती खोटी ठरत नाही. स्मृती हा वेदनेचा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नव्हे.

ज्यांना सांगता येत नाही

साक्ष नाही म्हणून वेदना नाही, या तर्काची सर्वांत मोठी किंमत नवजात बालकांनी मोजली. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात नवजात बालकांची चेतासंस्था अपरिपक्व असते, त्यांना वेदना जाणवत नाही वा आठवत नाही, आणि पूर्ण भूल त्यांना सोसवणार नाही, असे मानले जाई. अकाली जन्मलेल्या बालकांच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारी एवढ्यावरच केली जात असे. १९८७ मध्ये कन्वलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अशा १६ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना याखेरीज फेंटॅनिल हे वेदनाशामक देण्यात आले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांचा उसळा कितीतरी मोठा होता आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यात अधिक होत्या. नवजात बालकांनाही वेदनाशमन दिले पाहिजे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षी जाहीर केले. पुढे २०१५ मध्ये ऑक्सफर्ड येथे मेंदूच्या चित्रणाने असे दिसले की, टोचल्यावर प्रौढांच्या मेंदूतील जे २० भाग क्रियाशील होतात, त्यांपैकी १८ भाग नवजात बालकांतही क्रियाशील होतात.

हे बालकांपुरतेच नाही. ज्यांच्या बोलण्याला समाजात वजन नाही, त्यांच्या वेदनेलाही वजन नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची व शिकाऊ डॉक्टरांची पाहणी झाली. सुमारे निम्म्यांना कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची किमान एक खोटी समजूत खरी वाटत होती. कृष्णवर्णीयांची त्वचा अधिक जाड असते, ही त्यांतलीच एक. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रोग्याची वेदना कमी लेखली आणि तिच्यावर सुचविलेले उपचारही कमी योग्य होते. येथे रोग्याला बोलता येत होते. त्याच्यावर विश्वास ठेवला जात नव्हता, इतकेच. 'त्यांना सवय असते', 'त्यांचे अंगच तसे राठ', ही वाक्ये आपल्या वाचकांनी वेगळ्या संदर्भात पुष्कळदा ऐकली असतील.

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या स्वीकारली. तिच्या जोडीच्या टिपांत दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद केल्या आहेत. माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, आणि एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना होत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

समारोप

वरील विवेचनाने कोणी शस्त्रक्रियेस भिऊ नये. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार रोग्याने स्वतः नोंदविलेल्या जागृतीचे प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे १ इतके होते. स्नायू लुळे करणारे औषध दिले असल्यास ते सुमारे ८,००० मागे १, आणि न दिल्यास सुमारे १,३६,००० मागे १. संपूर्ण भुलीखाली शस्त्रक्रियेद्वारा होणाऱ्या प्रसूतीत मात्र ते सुमारे ६७० मागे १ इतके मोठे होते. म्हणून तेथे अधिक दक्षता लागते. सुमारे दोन-तृतीयांश प्रसंग भूल चढताना किंवा उतरताना घडले. पुष्कळांना वेदनेपेक्षाही हलता न येण्याची जाणीव अधिक भयंकर वाटली. काय चालले आहे हे ज्यांना समजले किंवा कोणी समजावून सांगितले, त्यांना त्याचा त्रास तुलनेने कमी झाला.

यातून रोग्याने व नातेवाइकांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. पूर्वीच्या भुलीत काही जाणवले असेल, मद्याची वा अन्य पदार्थाची सवय असेल, वेदनाशामके नियमित चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञाला संकोच न करता सांगावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवले तर ते भास म्हणून गिळून टाकू नये. ऐकणाऱ्यानेही ते झटकून टाकू नये. त्या आठवणीने झोप उडते, भय बसते आणि माणूस पुढे दवाखान्याची पायरी चढावयास कचरतो. त्याचे म्हणणे कोणी शांतपणे ऐकून घेणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.

जीवकाच्या कथेचा शेवट येथे आठवतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने श्रेष्ठीकडून एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजण्याचे वचन घेतले होते. प्रत्यक्षात श्रेष्ठीला प्रत्येक वेळी सातच दिवस निघाले. 'आता सोसवत नाही', असे तो म्हणाला. जीवक रागावला नाही. तेवढेच दिवस पुरेसे आहेत हे त्याला आधीच ठाऊक होते आणि रोगी किती सोसू शकेल याचाही अंदाज त्याने घेतला होता. त्याच्यापाशी भूलही नव्हती आणि यंत्रही नव्हते, परंतु 'सोसवत नाही' या शब्दांवर त्याने विश्वास ठेवला. आज आपल्यापाशी भूल आहे, आलेख आहे, आकडा आहे. टेबलावरील निश्चल माणसाला मात्र 'सोसवत नाही' असे म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने हा प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, आकडा पाहूनही त्याच्याकडे पाहणे, आणि तो मागाहून जे सांगेल ते ऐकून घेणे, हे जाग्या माणसांचे कर्तव्य ठरते.